पाय सुजले लंडनला, पत्र गेलं एडिंबराला

(आपल्या ताज्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलताना होणारी 'म्हणजे', 'तर', 'काय म्हणतात ते' यांची गर्दी थोडी कमी केली आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन विसरला असाल तर हे वाचा.)

००:०० | गॅलरीतले रिपोर्ट

आधी एक काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि त्यात मेडिकल रिपोर्टचे फोटो किती आहेत ते मोजा.

माझ्याकडे ४१ निघाले. बहुतेक सगळे आमच्या आबांचे, म्हणजे आजोबांचे. रक्त, लघवी, इको, ईसीजीची ती गुलाबी पट्टी. काही तिरके, काहींवर ट्यूबलाइटची चमक, एकात तर रिपोर्टपेक्षा आईचा अंगठाच जास्त दिसतोय. आणि प्रत्येक फोटो कुणा ना कुणा ओळखीच्या डॉक्टरला पाठवलेला. खाली तोच मेसेज: 'मॅडम, वेळ मिळाला तर जरा बघाल का?'

आपल्याला वाटतं, ही स्मार्टफोनची कृपा. पेशंट एका गावात, डॉक्टर दुसऱ्या गावात, मध्ये फक्त मजकूर. पण हे काही शतकं जुनं आहे. अठराव्या शतकातल्या युरोपात पेशंटला न बघता, हात न लावता, फक्त पत्र वाचून सल्ला देणं हे मोठ्या डॉक्टरांचं रोजचं काम होतं. गावातला डॉक्टर शहरातल्या डॉक्टरला लिहायचा, कधी पेशंट स्वतः लिहायचा, कधी त्याचा मित्र.

आज अशाच एका पत्राची गोष्ट सांगतो. पत्र १७८४ सालचं. त्यात आजार आहे, औषध आहे, पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. उत्तर आलं, आणि मग ते उत्तर पेशंटपर्यंत पोहोचलं किती?

०२:१० | पेशंट कोण होता

पेशंटचं नाव सॅम्युअल जॉन्सन. १७५५ साली इंग्रजीचा गाजलेला शब्दकोश ज्याने काढला तो हा माणूस. राहायला लंडनमध्ये. प्रचंड वाचन, प्रचंड बोलणं, आणि तब्येतीच्या तक्रारी लहानपणापासून.

जून १७८३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. रात्री जाग आली तर वाचा गेलेली. मग या माणसाने काय करावं? डोकं शाबूत आहे का हे तपासायला त्याने मनातल्या मनात लॅटिन पद्यात एक प्रार्थना रचली. ओळी काही फार बऱ्या जमल्या नाहीत, पण त्या जमल्या नाहीत हे आपल्याला कळतंय, म्हणजे बुद्धी ठिकाणावर आहे, असं त्याने ठरवलं. आमच्या धंद्यात याला सेल्फ टेस्ट म्हणतात. सकाळी त्याने हाताने चिठ्ठ्या लिहून शेजाऱ्याला आणि डॉक्टरांना बोलावलं. वाचा हळूहळू परत आली.

पण पुढचा हिवाळा वाईट गेला. श्वास कोंडायचा. जरा गारठा लागला की छाती आवळल्यासारखी व्हायची आणि आडवं पडता यायचं नाही. रात्र रात्र बसून काढायची. झोप लागलीच तर अफूच्या अर्कामुळे. आणि पायांवर, मांड्यांवर सूज. अंगात पाणी साचायच्या या दुखण्याला तेव्हा ड्रॉप्सी म्हणायचे. आडवं झालं की दम लागतो आणि पाय सुजतात, हे ऐकून आजचा कुठलाही डॉक्टर आधी हृदयाकडे बघेल. तेव्हा दमा वेगळा, सूज वेगळी, अशी दोन दुखणी लिहिली जायची.

लंडनमध्ये त्याला बघायला साधेसुधे डॉक्टर नव्हते. एक रिचर्ड ब्रॉकल्सबी. दुसरे विल्यम हेबर्डन, ज्यांनी अंजायनाचं, म्हणजे हृदयाच्या त्या छातीदुखीचं, पहिलं नीट वर्णन केलं. दोघांनीही जॉन्सनकडून फी घेतली नाही.

तरीही फेब्रुवारी १७८४ मध्ये जॉन्सनने आपला मित्र जेम्स बॉस्वेल याला पत्र टाकलं: तुमच्याकडच्या डॉक्टरांना माझ्या केसबद्दल विचार. बॉस्वेल वकील होता आणि एडिंबरात राहायचा. त्या काळी एडिंबराचं मेडिकल कॉलेज म्हणजे मोठं नाव. ब्रिटनमधूनच काय, अमेरिकेतूनही पोरं तिथे शिकायला यायची. म्हणजे आपण मुंबईच्या एखाद्या मोठ्या डॉक्टरचं नाव काढून म्हणतो ना, 'एकदा त्यांना दाखवून घेऊया', तसलाच प्रकार. फक्त दाखवायचं होतं कागदावरून.

०५:३० | पत्रात काय होतं

७ मार्च १७८४ ला बॉस्वेलने एकच पत्र तीन डॉक्टरांना पाठवलं. विल्यम कलन, जॉन होप आणि अलेक्झांडर मन्रो. तिघेही एडिंबरात प्राध्यापक. कलन तर तेव्हा ब्रिटनमधल्या सगळ्यात नावाजलेल्या वैद्यकीय शिक्षकांपैकी एक.

पत्र छोटं आहे. पण मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा एखादा नीट लिहिलेला बग रिपोर्ट वाचतोय असंच वाटलं. क्रम बघा.

एक, वय: ७४. दोन, आधी काय झालं होतं: गेल्या उन्हाळ्यात पक्षाघात, जवळजवळ पूर्ण बरा झाला, त्याच्याही आधीपासून कफाचा खोकला. तीन, आत्ता काय होतंय: या हिवाळ्यात दम्यासारखा त्रास, सुमारे तीन महिने घराबाहेर नाही. चार, उपचार करणाऱ्या डॉक्टरने काय पाहिलं: ब्रॉकल्सबीने कळवलेली छातीची तक्रार, बसून काढलेल्या रात्री, अफू, पायांची सूज. पाच, त्या डॉक्टरला काय वाटतं: हवा उबदार झाली की बरं पडेल. सहा, पेशंटला स्वतःला काय वाटतं: पाणी वाढत चाललंय, गरम देशात गेलो तर फायदा होईल. सात, सध्याचं औषध: स्क्विल नावाच्या कांद्याचा व्हिनेगरमधला अर्क. आठ, आजची स्थिती: जरा बरं आहे.

यात डॉक्टरचं मत वेगळं ठेवलंय आणि पेशंटचं मत वेगळं. दोन्हींची खिचडी केलेली नाही. बॉस्वेल डॉक्टर नव्हता, पण वकील होता. खटल्याची हकिगत दुसऱ्यासमोर कशी मांडायची हे त्याला पक्कं माहीत होतं.

आणखी एक गोष्ट त्याने पत्रात साफ लिहिली: ही काही रीतसर कन्सल्टेशनची विनंती नाही. म्हणजे फी देऊन, अधिकृतपणे विचारलेला सल्ला नाही, तर एका मोठ्या माणसासाठी मित्राने टाकलेला शब्द. आपला 'वेळ मिळाला तर जरा बघाल का' हा मेसेज म्हणजे त्याचीच मराठी आवृत्ती.

जाता जाता त्या कांद्याबद्दल. स्क्विल हा भूमध्य समुद्राकाठचा कांदा. आपल्याकडचा रानकांदा, ज्याला कोलकांदाही म्हणतात, तो त्याचा जवळचा नातेवाईक. दोन्हींमध्ये हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात, आणि जास्त झाली तर तीच विषारी. जॉन्सनने आधी त्याची पूड घेतली होती, पण तिने पोट इतकं बिघडलं की ती बंद करून अर्कावर यावं लागलं. म्हणून सांगतो, कुणी शेताच्या बांधावरचा रानकांदा उपटून प्रयोग करू नका.

०८:५० | न बघता सल्ला, हे चालायचं कसं?

आता तुम्ही म्हणाल, पेशंटला तपासलंच नाही तर डॉक्टर सांगणार काय?

उत्तर असं की समोर बसला असता तरी तपासण्यासारखं हातात फार काही नव्हतं. स्टेथोस्कोप आला १८१६ मध्ये, लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरमुळे. छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायची पद्धत ऑएनब्रुगरने १७६१ मध्येच छापली होती, पण पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. बीपी नाही, एक्स-रे नाही, रक्ताची तपासणी नाही. डॉक्टर नाडी बघायचा, जीभ, चेहरा, लघवी बघायचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ऐकायचा. दुखणं कधी सुरू झालं, कशाने वाढतं, झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का.

म्हणजे रोगनिदानाचा मोठा भाग ही हकिगतच होती. आणि हकिगत पाकिटात मावते.

त्यामुळे ही पद्धत बॉस्वेलच्याही फार आधीची. तेराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याचा ताद्देओ अल्देरोत्ती हा प्राध्यापक एकेका पेशंटसाठी लेखी सल्ले लिहायचा. त्यांना कन्सिलिया म्हणायचे. आजार काय, खाणंपिणं काय, औषध काय, असा त्यांचा साचा. पुढे शेकडो वर्षं हा प्रकार चालला. स्कॉटलंडच्या डॉ. गिलेस्पी यांनी जॉन्सनला असाच सविस्तर सल्ला पाठवला होता, तेव्हा जॉन्सनने त्याला हाच जुना लॅटिन शब्द वापरला आणि त्यातल्या अनुभवाच्या गोष्टींचं कौतुक केलं.

अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानला तिसो नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे आलेली अशी हजाराहून जास्त पत्रं आजही जपून ठेवली आहेत. सामान्य लोकांसाठी त्यांनी १७६१ मध्ये एक पुस्तक काढलं, आणि त्यात चक्क एक प्रश्नावली दिली: डॉक्टरला विचारण्याआधी या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. वय किती? आधी तब्येत कशी असायची? दुखणं किती दिवसांचं, सुरू कसं झालं? ताप आहे का? झोप, तहान, भूक, शौच, लघवी कशी? बाई असेल तर पाळी, गरोदरपण. मूल असेल तर नक्की वय, दात किती आले.

विचार करा, दोन पत्रांमध्ये काही दिवस, कधी काही आठवडे जाणार. 'ताप आहे का ते लिहायला विसरलात' एवढंच विचारायला डॉक्टरने परत पत्र टाकायचं का? तोवर पेशंट एक तर बरा झालेला असेल, नाही तर गेलेला. म्हणून सगळं पहिल्याच पत्रात. आणि उत्तरही तसंच. औषधाबरोबर खाणंपिणं, कपडे, फिरणं, हवापालट यांबद्दल सविस्तर, आणि अमुक झालं तर तमुक करा अशा सूचना, म्हणजे पुढचं पत्र येईपर्यंत पेशंटचं अडू नये.

शिवाय टपाल स्वस्त नव्हतं. १८४० च्या आधी इंग्लंडमध्ये टपालखर्च सहसा पत्र घेणाऱ्याच्या माथी पडायचा, आणि तो अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरायचा. लंडन ते एडिंबरा साधारण ६४० किलोमीटर. ७ मार्चला हे पत्र गेलं तेव्हा टपालाच्या वेगवान घोडागाड्या सुरूसुद्धा झाल्या नव्हत्या. पहिली गाडी धावली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तीही ब्रिस्टल ते लंडन.

१२:४० | कलनचा बॅकअप

आता थोडा वेळ माझ्यातल्या इंजिनिअरला द्या.

कलनना वर्षानुवर्षं जगभरातून पत्रं यायची. डॉक्टर, सर्जन, औषधविक्रे, पेशंट, पेशंटचे नातेवाईक. अडचण अशी की उत्तर पाठवून दिलं की आपण काय लिहिलं होतं ते आपल्याकडे राहत नाही. सहा महिन्यांनी त्याच पेशंटचं पत्र आलं, 'तुमच्या गोळ्या संपल्या, पुढे काय?', तर कुठल्या गोळ्या? म्हणून ते लेखनिकाकडून प्रत्येक उत्तराची हाताने नक्कल करून घ्यायचे.

मग जेम्स वॅटने, होय, वाफेच्या इंजिनवाल्याच वॅटने, १७८० मध्ये पत्राची नक्कल काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. युक्ती साधी. खास शाईने पत्र लिहायचं. शाई ताजी असतानाच त्यावर ओलसर, पातळ कागद ठेवून दाबायचा. शाई थोडी त्या कागदात उतरते. अक्षरं उलटी येतात, पण कागद इतका पातळ की पलीकडच्या बाजूने वाचली की सुलटी दिसतात. झाली कॉपी. कलननी १७८१ पासून हे यंत्र वापरायला घेतलं.

त्यांनी असं सगळं सांभाळून ठेवल्यामुळे आलेली आणि गेलेली मिळून पाच हजारांहून जास्त पत्रं आज एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे आहेत. ग्लासगो विद्यापीठाच्या लोकांनी त्यांचे फोटो आणि मजकूर ऑनलाइन टाकलेत, फुकट. आपले व्हॉट्सॲपचे चॅट फोन बदलला की उडतात, आणि कलनच्या पेशंटला अडीचशे वर्षांपूर्वी कुठलं औषध दिलं ते तुम्ही आज रात्री पांघरुणात पडून वाचू शकता.

यात एक चिमटाही आहे. ज्यांनी आपली शौचाची, झोपेची, लाजिरवाण्या दुखण्याची हकिगत एका माणसाला विश्वासाने लिहिली, ती आता सगळ्या जगासमोर आहे. पुढच्या वेळी कुणाचा रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकताना हे आठवा.

१५:२० | उत्तरं आली, पण गेली कुठे

परत आपल्या गोष्टीकडे.

तिन्ही डॉक्टरांनी उत्तर दिलं, आणि आदराने दिलं. कलननी कळवलं की अशा माणसाच्या उपयोगी पडता आलं तर मला आनंदच होईल. होप म्हणाले, तुमच्या मित्राचा माझ्यावर हक्कच आहे. कुठल्या ना कुठल्या शब्दाबद्दल त्याचं मत विचारल्याशिवाय माझा दिवस जात नाही. म्हणजे शब्दकोश टेबलावरच असायचा.

पण तिघांनी उत्तर पाठवलं दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी. हा फरक नीट बघा.

होप यांनी थेट ब्रॉकल्सबीला लिहिलं. डॉक्टरकडून डॉक्टरला. जो माणूस रोज पेशंटच्या उशाशी बसतोय, त्याच्याच हातात मत पडलं. चांगलं, वाईट, जे असेल ते.

कलन आणि मन्रो यांनी आपली मतं आणि औषधं बॉस्वेलला कळवली. कारण विचारलं त्याने होतं. मे महिन्यात बॉस्वेल लंडनला गेला, ती पत्रं सोबत घेऊन. आणि ती त्याने जॉन्सनला सांगितली. किती? जेवढा भाग धीर देणारा होता, तेवढाच.

हे मी तर्काने म्हणत नाही. बॉस्वेलने १७९१ मध्ये छापलेल्या जॉन्सनच्या चरित्रात स्वतःच लिहून ठेवलंय. एका वाक्याच्या पोटात, सहज, जणू त्यात काही विशेष नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं.

कारण त्याच उन्हाळ्यात, जून १७८४ मध्ये, ऑक्सफर्डला गप्पा मारताना खरं-खोटं बोलण्याचा विषय निघाला. आजारी माणसाला घाबरवायचं नाही म्हणून खोटं सांगावं का? जॉन्सन म्हणाला, अजिबात नाही. परिणाम काय होईल हे तुम्ही ठरवायचं नाही, तुम्ही खरं सांगायचं. आणि पुढे म्हणाला की सगळ्या खोटेपणात मला याचा सगळ्यात जास्त तिटकारा आहे, कारण हे माझ्याबरोबर अनेकदा झालं असावं असं मला वाटतं.

आणि हे बोलणं टिपून ठेवणारा कोण? बॉस्वेलच.

मला इथे बॉस्वेलला झोडपायचं नाहीये. त्याचा जॉन्सनवर जीव होता. त्याला गरम हवेत इटलीला पाठवता यावं म्हणून पैशांची सोय व्हावी, यासाठी त्याने खटपटही केली. जमलं नाही. ज्याने पत्र लिहायला एवढी मेहनत घेतली त्यानेच उत्तर अर्धं दिलं, ते प्रेमापोटीच.

आणि त्याला झोडपायचा मला हक्कही नाही.

१८:३० | माझी व्हॉइस नोट

आमचे आबा कराडजवळ गावी असतात. मी पुण्यात. गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. रात्री दोन उश्या घेऊन झोपायला लागले, मग तीन. इको झाला. पंपिंग ३० टक्के.

मी रिपोर्ट आमच्या ओळखीच्या एका डॉक्टर ताईंना पाठवले. त्यांनी शांतपणे सगळं बघून व्हॉइस नोट पाठवली. चार मिनिटं दहा सेकंद. पहिल्या दोन मिनिटांत होतं ते असं: चालू गोळ्या बरोबर आहेत, मीठ कमी करा, रोज सकाळी वजन बघा, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच दवाखान्यात जा. नंतरच्या दोन मिनिटांत होतं: हे पंपिंग परत फारसं वर येईल असं वाटत नाही. पुढचं वर्ष-दीड वर्ष जपून काढायचंय. घरातले मोठे निर्णय, कागदपत्रं, जे काही आबांच्या मनात असेल ते मागे ठेवू नका.

मी ती नोट कापली. फुकटच्या एका ॲपमध्ये, तीस सेकंदांत. पहिली दोन मिनिटं गावी पाठवली.

संध्याकाळी आबांचा फोन आला. "डॉक्टर बाई चांगल्या समजावून सांगतात रे. अजून काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "काही नाही आबा, बरं वाटेल म्हणाल्या."

तेव्हा मला जॉन्सन-बॉस्वेल काही माहीत नव्हतं. हे वाक्य वाचलं गेल्या महिन्यात, या एपिसोडची तयारी करताना.

२०:१५ | डिसेंबर

जॉन्सनचं पुढे काय झालं ते सांगतो. उन्हाळ्यात तो गावाकडे, लिचफिल्ड आणि ॲशबर्नला गेला. तिथून ब्रॉकल्सबीला सतत पत्रं लिहायचा: श्वास कसा आहे, सूज किती, कुठलं औषध किती घेतलं. शिवाय लॅटिनमध्ये स्वतःच्या आजाराची रोजनिशी ठेवायचा. म्हणजे त्याने बॉस्वेलला वगळून स्वतःच डॉक्टरशी थेट लाइन जोडली होती.

नोव्हेंबरमध्ये लंडनला परतला. सूज वाढत गेली. शेवटच्या दिवसांत त्याने ब्रॉकल्सबीला सरळ विचारलं: मी बरा होईन का? ब्रॉकल्सबीने आधी विचारून घेतलं, पूर्ण खरं ऐकायची तयारी आहे ना? हो म्हटल्यावर सांगितलं की चमत्कार झाला तरच.

जॉन्सनने मग ठरवलं: यापुढे औषध नाही. अफूसुद्धा नाही. देवासमोर जाताना डोकं साफ असावं, ही त्याची इच्छा. १३ डिसेंबर १७८४ ला तो गेला. शवविच्छेदनात फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फुगलेल्या, हृदय मोठं झालेलं आणि एक मूत्रपिंड खराब झालेलं सापडलं. लंडन असो की एडिंबरा, १७८४ मध्ये कुणाच्याही औषधाने यात फार फरक पडला नसता.

पण त्या एका खऱ्या उत्तराने फरक पडला. शेवटचे दिवस कसे काढायचे हे जॉन्सनला स्वतः ठरवता आलं. पत्राने येणाऱ्या सल्ल्याची खरी किंमत मला तिथे कळली. दूरच्या डॉक्टरला बरं करता येत नसेलही, पण पुढे काय वाढून ठेवलंय ते तो सांगू शकतो, आणि ते ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोहोचलं तर तो काहीतरी करू शकतो. मध्ये बसलेल्या माणसाचं काम पत्र पोचवायचं. आपण पोस्टमन आहोत, संपादक नाही.

आता कुणी म्हणेल, सगळ्यांनाच सगळं ऐकायचं नसतं. बरोबर आहे. ब्रॉकल्सबीनेही आधी विचारलं होतं. पण त्याने पेशंटला विचारलं. स्वतःच्या मनाने ठरवलं नाही.

२२:४० | पूर्ण चार मिनिटं दहा सेकंद

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. आबा ओसरीवर बसले होते, पाय स्टुलावर. मी विचारलं, "आबा, त्या डॉक्टर ताईंनी अजूनही काही सांगितलं होतं. मी ऐकवलं नव्हतं. ऐकायचंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "लाव."

पूर्ण लावली. मधला भाग त्यांनी परत एकदा लावायला सांगितला. मग थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं रागावतील. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हे आदी ऐकवलं असतंस तर बांधाचा इशय दिवाळीतच मिटवला असता. समदे भाऊ घरात होते."

आता सगळ्यांना परत एका जागी आणायचं काम माझ्याकडे आहे. एक काका सुरतेला, एक नाशिकला. फोन चालू आहेत.

तुम्ही पुढच्या वेळी कुणाचे रिपोर्ट डॉक्टरला पाठवाल तेव्हा बॉस्वेलसारखं लिहा: वय, आधीचे आजार, आत्ताचा त्रास कधीपासून, चालू औषधं, तिथल्या डॉक्टरचं म्हणणं, पेशंटचं स्वतःचं म्हणणं. फोटो सरळ काढा, अंगठा बाजूला ठेवा. आणि उत्तर आलं की पेशंटला आधी विचारा, किती ऐकायचंय. मग तेवढं सगळं ऐकवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.